अकरा टन गाळ आणि खरेदीची वही

पार्श्वभूमी

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत प्लेटिंगचा, म्हणजे धातूच्या मालावर विजेने दुसऱ्या धातूचा थर चढवण्याचा, एक मध्यम कारखाना आहे. पंचवीसेक माणसे, दोन पाळ्या, सगळे जॉबवर्क. हॉटेलांचे पितळी नळ येतात, बोटींच्या फिटिंग्ज येतात, पॅनलचे ब्रॅकेट आणि स्क्रू तर पोत्यांनी येतात. एका भिंतीला तांबे-निकेल-क्रोमची लाइन, समोरच्या भिंतीला झिंकची. मालकांना वसाहतीत सगळे भाई म्हणतात. जुने कामगार अजून पात्रांव म्हणतात. त्यांची मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून दोन वर्षांपूर्वी कारखान्यात आली आणि तेव्हापासून हिशेबाच्या वह्या आणि छोटी प्रयोगशाळा, दोन्हींच्या किल्ल्या तिच्याकडे आहेत. ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे संयंत्र, सांभाळतो सत्तरी तालुक्यातला आयटीआय झालेला एक तरुण. ओळख पटेल असा तपशील मी गाळला आहे. सांडपाण्याचा सल्लागार म्हणून मी या प्रकरणात होतो, तेव्हा यातल्या एक-दोन चुका माझ्याच खात्यावरच्या आहेत.

ईटीपीची रचना जुन्या वळणाची. निकेलचे धुणे (माल धुतलेले पाणी), क्रोमचे धुणे, झिंकचे धुणे, गंज काढायचे पिकलिंगचे ॲसिड, तेलकटपणा काढायचे डिग्रीझिंगचे साबणी पाणी, सगळे एकाच गटारातून एकाच टाकीत. तिथे ॲसिड आणि हिराकस (लोखंडाचे सल्फेट) टाकून विषारी हेक्झाव्हॅलंट क्रोमचे कमी घातक ट्रायव्हॅलंट करायचे, मग चुना ओतून पीएच चढवायचा, पॉलिमर घालून गाळ खाली बसवायचा आणि फिल्टर प्रेसमध्ये दाबायचा. पीएच किती ठेवायचा हे रोजचे भांडण. क्रोम आठाच्या आसपास उत्तम बसते, निकेलला दहाच्या वर जावे लागते, आणि तितके वर गेले की क्रोम परत विरघळू लागते. म्हणून साडेनऊवर तडजोड, आणि मनाच्या समाधानाला चुन्याची एक जादा बादली.

बाहेर जाणारे पाणी मात्र नियमात होते. लिटरमागे निकेल ३ मिलिग्रॅम, तांबे ३, झिंक ५, एकूण क्रोमियम २, हेक्झाव्हॅलंट ०.१ या मर्यादा. त्यांच्या आत रिपोर्ट येत. पाण्याचा रिपोर्ट चांगला आला की सगळे खूश. पाण्यातून काढलेला धातू पोत्यात जाऊन बसतो, हा विचार त्या आनंदात राहून जातो.

अडचण

महिन्याला साधारण सव्वा टनाच्या आतबाहेर ओला केक, म्हणजे प्रेसमधला दाबलेला गाळ, निघे. दाबून काढला तरी त्यात सत्तर टक्के पाणीच. पूर्वी तो ठरल्या वेळी पाठवला जाई. त्या वर्षी दिवाळीनंतर भाईंनी पाठवणेच थांबवले.

त्यामागचे कारण समजून घ्यायला हवे, नाहीतर हा नुसता हलगर्जीपणा वाटेल. ८ मार्च २०२२ ला लंडनच्या बाजारात निकेल टनाला एक लाख डॉलरच्या वर गेले आणि सौदे थांबवावे लागले. भाव नंतर उतरला, पण निकेल ॲनोडची, म्हणजे टाकीत टांगायच्या निकेलची, बिले भरणाऱ्या माणसाच्या डोक्यातून तो दिवस गेला नाही. दुसरे म्हणजे भाईंचे लहानपण डिचोलीचे. तिथल्या लोहखनिजाच्या खाणींवर ज्याला रिजेक्शन म्हणत, त्या कमी प्रतीच्या खनिजाच्या टेकड्या वर्षानुवर्षे तशाच पडून होत्या. चीनची मागणी चढली आणि त्याच टेकड्या बार्जमध्ये भरून गेल्या. टाकाऊचे सोने झालेले ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे त्याला पोत्यातला हिरवट गाळ फेकवत नाही.

जुलैत दीड दिवस धो धो पाऊस लागला. गाळ साठवलेल्या शेडचा एक पत्रा उडाला. विणलेल्या प्लास्टिकच्या पोत्यांत अकरा टन गाळ होता, तळाची पोती आधीच फाटलेली. सकाळी ईटीपीवाल्या तरुणाने फोटो पाठवला: शेडच्या उंबऱ्यावरून पोपटी रंगाची एक ओहोळ पेव्हरांच्या फटीतून पावसाच्या गटाराकडे चालली होती. त्याने स्वतःच वाळूची पोती टाकून ती अडवली होती आणि पाणी पंपाने परत टाकीत घेतले होते. मी पोचलो तेव्हा तो गटारातल्या पाण्याचा पीएच पाहत उभा होता, डोक्यावर खताची रिकामी गोणी.

घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे असा माल कारखान्यात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पहिल्या अनुसूचीत प्लेटिंगचा धातुगाळ क्रमांक १२.८ वर आहे, सांडपाण्याचा रासायनिक गाळ क्रमांक ३५.३ वर. इथे काही पोत्यांना नऊ महिने झाले होते. भाईंनी त्याच दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवले. नंतरच्या सगळ्या निर्णयांपेक्षा मला तो निर्णय मोठा वाटतो, कारण त्यानंतर लपवायचे काही उरले नाही आणि माणसे शांतपणे विचार करू लागली.

रोख पैसे देणारा माणूस

तिसऱ्या दिवशी, बातमी कशी पोचली कोण जाणे, एक भंगारवाला ट्रकसकट दारात. किलोमागे थोडेफार रोख देतो म्हणाला, वजनकाटाही सोबत. मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीचा नोंदकागद, वगैरे काही नको, "कागदाची कटकट आमच्यावर सोडा."

सर्वात वाईट पर्याय असाच येतो. पैसे द्यायच्या ऐवजी पैसे मिळणार, आणि शेड संध्याकाळपर्यंत रिकामी. भाई दहा मिनिटे गप्प होते. मुलगी म्हणाली, "बाबा, हा माल कुठे तरी ओढ्याच्या काठाला ओतला गेला आणि पोत्यावर आपला शिक्का सापडला तर?" नियमही तेच सांगतो: गाळ चुकीच्या हाती देऊन नुकसान झाले तर तयार करणारा त्यातून सुटत नाही. ट्रक रिकामा गेला. जाताना तो माणूस म्हणाला की शेजारचे तर देतात. देत असतीलही.

नमुना

आता माझी चूक. मालात निकेल किती हे कळल्याशिवाय कोणताच पर्याय तोलता येणार नव्हता. पाऊस चालू होता, शेडचा मागचा भाग घसरडा झाला होता. मी दाराजवळच्या चार पोत्यांतून खुरप्याने गाळ घेतला, एकत्र केला आणि प्रयोगशाळेत पाठवला. कोरड्या वजनावर ११ टक्के निकेल आले.

अकरा टन ओला म्हणजे ३.३ टन कोरडा. त्याचे ११ टक्के म्हणजे ३६० किलोच्या वर निकेल. भाईंचा चेहरा उजळला. "टाकलेल्या टेकड्या चीनला गेल्या," ते म्हणाले, "आणि हा तर निकेलचा गाळ."

"बाबा, टेकडीचे ॲनालिसिस करून मगच बार्जमध्ये भरत होते," मुलगी म्हणाली.

खरा घोळ पकडला ईटीपीवाल्याने. "पात्रांव, दाराकडची पोती जूनमधली. तेव्हा झिंकचा रेक्टिफायर जळला होता, तीन आठवडे ती लाइन बंद होती." म्हणजे मी नेमकी तीच पोती उचलली होती, ज्यांत झिंक नव्हते आणि पिकलिंगच्या ॲसिडातले लोखंडही नव्हते.

मग नीट नमुना घेतला. चोवीस पोती, पुढची, मधली, मागची. एका टोकाला तिरपा छेद दिलेला स्टीलचा पाइप प्रत्येक पोत्यात वरपासून तळापर्यंत खुपसला. सगळा माल ताडपत्रीवर ढीग करून चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, उरलेल्यांचा पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग, शेवटी किलोभर उरेपर्यंत. १०५ अंशांवर वाळवून पाठवले. उत्तर: निकेल ३.८ टक्के, तांबे १.२, झिंक ९, क्रोमियम २.५, लोखंड १४, कॅल्शियम ८.

३६० किलोंचे १२५ किलो झाले. निकेलचा भाव टनाला सतरा हजार डॉलर धरला आणि सगळे निकेल शुद्ध धातूच्या भावाने विकले असे मानले, तरी जेमतेम पावणेदोन लाख रुपये. आणि गाळातले निकेल शुद्ध धातूच्या भावाने कोणी घेत नाही.

समोरचे पर्याय

पहिला, सगळा माल पिसुर्लेच्या सामायिक घातक कचरा प्रक्रिया केंद्रात पाठवणे. खर्च आपला, धातू कायमचा भरावात. भाईंना हा पर्याय जिवावर येत होता.

दुसरा, राज्याबाहेरच्या परवानाधारक पुनर्चक्रण कारखान्याला देणे. इथे नियमांत एक फरक आहे जो अनेकांना माहीत नसतो. कचरा अंतिम विल्हेवाटीसाठी दुसऱ्या राज्यात न्यायचा असेल तर दोन्ही राज्यांच्या मंडळांची ना-हरकत लागते. पुनर्चक्रणासाठी किंवा वापरासाठी न्यायचा असेल तर दोन्ही मंडळांना आधी कळवणे पुरते. आम्ही एका कारखान्याला नमुना पाठवला. त्यांचे उत्तर सरळ होते: एवढे झिंक, क्रोम आणि लोखंड असलेला, चार टक्क्यांचा माल नको. वेगळा काढलेला निकेलचा केक असेल तर बोला.

तिसरा, कारखान्यातच निकेल काढणे. याबद्दल खाली लिहितो, कारण सगळ्यांचा जीव त्यातच अडकला होता, माझाही.

सिमेंटच्या भट्टीचा विषय निघाला आणि पाच मिनिटांत संपला. या गाळाला उष्मांक नाही आणि क्रोम भट्टीवाल्यांना नको असते.

चौथा पर्याय सुरुवातीला कोणी पर्याय म्हणून मांडलाच नाही. जूनच्या पोत्यांमध्ये तो पडून होता: पाणी वेगळे ठेवले तर गाळ आपोआप श्रीमंत होतो.

ड्रममधला प्रयोग

कागदावर तिसरा पर्याय सोपा दिसतो. गाळ गंधकाम्लात विरघळवा, तांबे लोखंडाच्या भंगारावर उतरवा, लोखंड आणि क्रोम पीएच वाढवून खाली पाडा, झिंक द्रावकाने ओढून घ्या, उरलेल्या हिरव्या द्रावणातून विजेने निकेल पत्र्यावर चढवा. यातले प्रत्येक पाऊल उद्योगात रोज होते. प्रश्न इतकाच की ते मोठ्या कारखान्यात होते, जिथे एकसारखा माल टनावारी येतो.

मी आधी ॲसिडचा हिशेब केला. या गाळातले धातू विरघळवायला कोरड्या किलोमागे साधारण ६५० ग्रॅम गंधकाम्ल लागते. त्यातले निकेलच्या कामी येते ६५ ग्रॅमसुद्धा नाही. निम्म्याहून जास्त, ३७० ग्रॅमच्या आसपास, एकटे लोखंड खाते. आणि त्या लोखंडातले बरेचसे आम्हीच हिराकसाच्या रूपाने विकत आणून टाकीत ओतलेले. एक अणू हेक्झाव्हॅलंट क्रोम खाली आणायला तीन अणू लोखंड लागते. ते सगळे शेवटी गाळात.

हिशेब दाखवूनही भाईंना प्रयोग पाहायचाच होता, आणि मला त्यांची बाजू कळत होती. दहा किलो ओला केक, तोंड उघडे असलेला प्लास्टिकचा ड्रम, सावकाश ॲसिड. फेस आला, कारण जादा चुन्याचा कार्बोनेट झालेला होता. दुपारपर्यंत पातळ हिरवट-तपकिरी द्रावण तयार. लोखंडाचे खिळे टाकले, त्यांच्यावर तांब्याची लालसर साय धरली. ते पाहायला पाळीतले सगळे जमले. मग पीएच चार-साडेचारपर्यंत नेला आणि लोखंड खाली बसू लागले. बसू लागले म्हणजे काय, शेवाळासारखे लोंबू लागले. तो लगदा गाळायला रात्र गेली. कापडावर राहिलेला केक धुऊन तपासला तर जवळपास तिसरा हिस्सा निकेल त्यातच अडकलेले.

दहा किलो गाळातून निकेल काढायला गेलो आणि सकाळी फिल्टरवर साडेआठ किलो नवा गाळ होता, तोही घातकच. गाळलेल्या हिरव्या पाण्यात निकेलच्या दुपटीहून जास्त झिंक. भाई कापडाकडे बघत म्हणाले, "म्हणजे आपण फक्त बादली बदलली." त्यानंतर हा विषय त्यांनी स्वतःहून काढला नाही.

नियमाचा अडसरही होता. घातक कचऱ्याचा वापर, अगदी स्वतःच्या आवारात असला तरी, मूळ प्रक्रियेचा भाग नसेल तर मंडळाची वेगळी परवानगी लागते. ड्रम धुऊन ठेवला आणि ते साडेआठ किलो इतर मालात, नोंद करून, मिळवले.

खरेदीची वही

यानंतरचे वळण मुलीने आणले. तिने एक साधा प्रश्न विचारला: निकेल गाळात जाते तरी किती, हे गाळ न तपासता सांगता येईल का?

निकेल ॲनोड आणि निकेल सल्फेट मिळून महिन्याला सरासरी ६२ किलो निकेल विकत आणले जात होते. महिन्यात निकेलखाली गेलेला माल साधारण ५४० चौरस मीटर, थर १० मायक्रॉन. निकेलची घनता ८.९ धरली तर मालावर बसले ४८ किलो. उरले १४. आमच्या नमुन्यावरून महिन्याच्या गाळातले निकेल येत होते १३.७ किलो.

वीस मिनिटांच्या हिशेबाने तेच सांगितले जे सांगायला आम्हाला तीन आठवडे आणि प्रयोगशाळेची दोन बिले लागली होती. वरून एक गोष्ट जास्त सांगितली: हे १४ किलो गाळात तयार होत नाहीत, ते निकेलच्या टाकीतून मालाला चिकटून बाहेर पडतात. जिग, म्हणजे माल अडकवलेली चौकट, टाकीतून उचलला की त्यावर द्रावणाचा जो ओला थर राहतो, तो पुढच्या धुण्याच्या पाण्यात जातो. त्या थरात लिटरमागे साठ-सत्तर ग्रॅम निकेल असते. धुण्यात ते हजारपट पातळ होते, गटारात क्रोम-झिंकला भेटते, हिराकस आणि चुन्यात लोळते, आणि मग आम्ही ते पोत्यातून परत काढायला बसतो.

मी ईटीपीचा माणूस, त्यामुळे मी ईटीपीपासून मागे पाहत होतो. प्लेटिंगच्या फोरमनशी तोवर मी एकदाही नीट बोललो नव्हतो.

काय केले

जुन्या गाळाचा निर्णय आता सोपा होता. अकरा टन माल झाकणाच्या ड्रममध्ये भरला, लेबले लावली, फॉर्म १० चे मॅनिफेस्ट केले आणि तो पिसुर्लेला गेला. अशा केंद्रांत हा गाळ सिमेंट-चुन्याने बांधून अस्तर लावलेल्या भरावात पुरतात. भाई त्या दिवशी कारखान्यात आले नाहीत. १२५ किलो निकेल जमिनीत गेले याचे त्यांना खरोखर वाईट वाटले होते, आणि ते चुकीचे होते असे मी म्हणणार नाही.

निकेलच्या लाइनवर पहिला बदल अर्ध्या दिवसाचा आणि जवळपास फुकटचा. टाकीवर आडवा पाइप बसवला, ज्यावर जिग काही सेकंद टांगता येईल. फोरमन आधी तयार नव्हता. वेळ गेला तर माल कमी निघतो. मग मुलीने एक जिग उचलून काचेच्या भांड्यावर धरला. पहिल्या तीन सेकंदांत धारच लागली. पुढे थेंब, टप टप, मोजता येतील असे. बाराव्या सेकंदाला थेंब जवळजवळ थांबले. भांड्यात गडद हिरवे पाणी, चहाच्या कपाच्या पावभर. "दिवसाला किती जिग उचलता?" तिने विचारले. फोरमनने उत्तर दिले नाही, पण दुसऱ्या दिवशी पाइपाशेजारी भिंतीवर खडूने '१२' लिहिलेले होते.

दुसरा बदल, टाकीला लागून साध्या, न वाहणाऱ्या पाण्याची टाकी. माल आधी तिच्यात बुडतो, मग वाहत्या धुण्यात. या टाकीतले पाणी हिरवे होत जाते आणि तेच निकेलच्या टाकीत भर म्हणून परत घालायचे. निकेलची टाकी ५५ अंशांवर चालते, दिवसाला साठेक लिटर पाणी वाफ होऊन जाते. पूर्वी ती तूट नळाच्या पाण्याने भरत. भाईंना शंका होती की पावसाळ्यात वाफ कमी होईल आणि परत घालायला जागाच उरणार नाही. शंका चुकीची, पण रास्त: पावसाळ्यात गाळ वाळत नाही हे त्यांनी पाहिले होते. हवेच्या तापमानाचा गाळ आणि ५५ अंशांचे द्रावण यांत फरक आहे. इतक्या गरम पाण्याला बाहेरच्या दमटपणाचे फारसे सोयरसुतक नसते.

हे पाणी परत टाकीत घालणे मूळ प्रक्रियेतच येते. कचरा म्हणून ते कधी जन्मालाच येत नाही.

तिसरे काम खर्चाचे: गटार फोडून तीन पाइप. निकेलचे धुणे हिरव्या पाइपातून, क्रोमचे पिवळ्या, बाकी सगळे काळ्या. क्रोमसाठी हिराकस बंद करून सोडियम मेटाबायसल्फाइट, पीएच दोन-अडीचवर. निकेलच्या धुण्याला वेगळी छोटी टाकी, चुन्याऐवजी कॉस्टिक, पीएच सव्वादहा, आणि एक लहान फिल्टर प्रेस. चुना गेला की सल्फेटबरोबर बनणारा जिप्समही गेला. हे सगळे चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुट्टीत उरकले. गोव्यात चवथीला कारखाना आठवडाभर थंड असतो, पाइप कापायला त्याहून चांगला मुहूर्त नाही.

मध्येच उपटलेली भानगड

दुसऱ्या महिन्यात नळांचे दोन लॉट परत आले. खाचांमध्ये, जिथे विजेचा प्रवाह कमी पोचतो, तिथे काळपट पट्टे. फोरमनने लगेच नव्या टाकीवर बोट ठेवले. धुणे परत घालता म्हणून बाथ, म्हणजे टाकीतले द्रावण, बिघडला, बंद करा.

तो निम्मा बरोबर होता. पूर्वी द्रावणातली घाण चिकटून गटारात निघून जाई. आता जे जाई ते परत येत होते, आणि त्यात झिंक-तांबे साचत होते. पण ते येत कुठून होते? टाकीच्या तळाशी चुंबक रोज फिरवत, त्याला लोखंडी तुकडे लागत. पितळ चुंबकाला लागत नाही. लांब दांड्याचा पंजा घालून तळ खरवडला तेव्हा चौदा पितळी नळ निघाले, काहींचे अर्धे अंग खाल्लेले. पितळ म्हणजे तांबे आणि झिंकच. ते आंबट द्रावणात महिनोन्महिने विरघळत होते.

नालीदार पत्रा टांगून कमी प्रवाहावर दोन रात्री टाकी चालवली. तांबे आणि झिंक त्या पत्र्यावर काळे होऊन उतरले. ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून द्रावण गाळले. माल सुधारला. तेव्हापासून दर शनिवारी पंजा, आणि परत घालायच्या पाण्याची झिंकसाठी तपासणी. हे वेळापत्रक मी पहिल्याच दिवशी द्यायला हवे होते. बंद वर्तुळात घाणही फिरते, हे मला माहीत होते आणि मी सांगायला विसरलो. दोन लॉटचे नुकसान कारखान्याने सोसले.

निष्पत्ती

सहा महिन्यांनी वही पुन्हा मांडली. मालावर बसलेले निकेल तेवढेच, खरेदी ५३ किलोंवर. महिन्याला नऊ किलो निकेल टाकीतच राहू लागले, म्हणजे चाळीस किलो निकेल सल्फेटइतके. एकूण गाळ ७०० किलोंवर आला. यातला मोठा वाटा हिराकस आणि चुना कमी झाल्याचा. शेडमध्ये आता काँक्रीटचा बांध, पॅलेट आणि शाबूत छप्पर आहे.

आणि निकेलचा वेगळा केक? कोरड्या वजनावर ३२ टक्के निकेल, शुद्ध हायड्रॉक्साइडच्या ६३ टक्क्यांच्या निम्मा. पुनर्चक्रण करणाऱ्याने नमुना पाहून लगेच होकार दिला. पण धुण्यात आता निकेल जाते महिन्याला साडेचार किलो, त्यामुळे केक निघतो ४५-५० किलो ओला. ज्याला गाडी भरायची आहे त्याला हा माल म्हणजे चण्याफुटाण्याची पुडी. गाडीभर साठवायचा तर दोन वर्षे लागतील आणि मुदत आहे ९० दिवसांची. जितके चांगले काम केले तितका विकायचा माल कमी झाला. भाई यावर बराच वेळ हसले.

तोडगा असा निघाला की त्यांची परवानाधारक गाडी पट्ट्यातल्या इतर कारखान्यांकडून माल उचलत येते तेव्हा इथले दोन ड्रमही घेते, वेगळ्या मॅनिफेस्टवर, दोन्ही मंडळांना आधी कळवून. पावसात घाट बंद झाला तर तारीख चुकते, म्हणून मुदत नव्वद दिवस न धरता सत्तर धरतात. हातात येणारी रक्कम वाहतुकीत जवळजवळ संपते.

वेगळे काय करता आले असते

वही आधी उघडायला हवी होती. खरेदी वजा मालावरचा धातू, एवढा हिशेब कोणत्याही प्लेटिंगवाल्याला नमुना न घेता करता येतो. तो पहिल्या दिवशी केला असता तर ड्रमचा प्रयोग टळला असता. तरी मला तो प्रयोग पूर्ण वाया गेला असे वाटत नाही. भाईंनी लगदा डोळ्यांनी पाहिला नसता तर अकरा टन पिसुर्लेला पाठवायला ते राजी झाले नसते.

नमुन्याबद्दल सबब नाही. पाऊस होता हे कारण नव्हे.

गटार एकदम फोडण्याऐवजी आधी फक्त टांगायचा पाइप आणि साधी टाकी करून तीन महिने थांबलो असतो तर निकेलचा लहान फिल्टर प्रेस इतका मोठा घेतला नसता. आता तो आठवड्यातून एकदाच भरतो. तिथे मी जुन्या आकड्यांवर नवे यंत्र मोजले. त्याऐवजी धुण्याला, त्यातले निकेल धरून ठेवणारा रेझिनचा स्तंभ बसवता आला असता का, यावर मुलगी आणि मी अजून वाद घालतो. तिच्या मते हो. माझे म्हणणे, रेझिन धुतल्यावर निघणारे ॲसिड-निकेलचे पाणी कोण आणि कुठे हाताळणार ते आधी ठरवू.

झिंकच्या बाजूला अजून काहीच केलेले नाही. काळा पाइप जुन्याच पद्धतीने चालतो आणि ७०० किलोंतला बहुतेक गाळ तिथूनच येतो. मागच्या भेटीत पाहिले तर झिंकच्या टाकीवरही कोणी तरी आडवा पाइप बांधला होता, तारेने, वेल्डिंग न करता. भिंतीवर खडूने '८' लिहिले होते आणि खोडून '१०' केले होते.